रामकथा घरोघरी नेणारा चित्रकार

रामनवमीच्या मध्यान्ही रामजन्माचा पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो. परभणी जिल्ह्यातील पिंगळीसारख्या गावापासून मुंबईपर्यंत भाविकांच्या मनात रामकथेतील प्रसंग उभे राहतात. त्या प्रसंगांना ज्यांच्या कुंचल्याने रूप दिले, त्या राजा रविवर्मा यांचे आजच्या मंगल दिनी स्मरण करणे आम्हांस उचित वाटते.

त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे २९ एप्रिल १८४८ रोजी त्यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी ते तिरुवनंतपुरमच्या राजदरबारी आले. तैलरंगाची विद्या तेव्हा सहज कोणी शिकवीत नसे. दरबारी आलेल्या परदेशी चित्रकाराचे काम न्याहाळून आणि अखंड परिश्रमाने त्यांनी ती आत्मसात केली. १८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्रास पारितोषिक मिळाले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी त्यांनी रामायण-महाभारतातील प्रसंगांवर चौदा चित्रे रेखाटली. त्यांच्या अनेक पौराणिक नायिका नऊवारी लुगडे नेसलेल्या आहेत, हे मराठी मनास विशेष जिव्हाळ्याचे वाटते.

त्यांचे ‘जटायुवध’ हे चित्र आम्हांस सर्वांत हृदयस्पर्शी वाटते. रावणाने सीतामाईस एका हाताने धरले आहे, दुसऱ्या हातात खड्ग उगारलेले आहे. वृद्ध पक्षिराजाचा पंख छाटला गेला आहे आणि ते क्रूर दृश्य पाहवेना म्हणून सीतामाईने मुख झाकून घेतले आहे. श्रीराम चित्रात कोठेच नाहीत. अधर्माची सरशी होत असल्याचा हा क्षण. तरीही पाहणाऱ्याचे हात जोडले जातात ते जटायूपुढे. सामर्थ्य अपुरे असूनही जो धर्मासाठी उभा राहिला, त्याचीच थोरवी चित्रकाराने दाखविली.

मात्र अशी चित्रे राजवाड्यांतच राहिली असती, तर सामान्यांस त्यांचा काय लाभ? दिवाण सर टी. माधवराव यांनी चित्रे छापून घेण्याची सूचना पूर्वीच केली होती. ती मनी धरून रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत गिरगावात छापखाना काढला. पुढे प्लेगच्या दिवसांत तो लोणावळ्यानजीक मळवली येथे हलविला. राम, लक्ष्मी, सरस्वती अल्प मोलात घरोघरी पोहोचल्या. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही झोपडीत देव आले. हे कार्य आम्ही लहान मानीत नाही.

व्यवहारात मात्र त्यांस यश आले नाही. कर्ज वाढले आणि छापखाना जर्मन तंत्रज्ञ श्लायखर यांस विकावा लागला. १९०५ साली चित्रकलेतील त्यांचे सहकारी असलेले धाकटे बंधू राजराज वर्मा निवर्तले. २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्मांनीही देह ठेवला.

छापखाना हातचा गेला, परंतु चित्रे भिंतीभिंतीवर राहिली. जटायूचा पंख तुटला, पण त्याची झुंज वाया गेली नाही. सीतामाईचा मार्ग त्यानेच प्रभूंस सांगितला. आज आपल्या घरी रामाच्या तसबिरीस हार घालताना या भक्तिमान कलावंतासही वाचकांनी मनोभावे वंदन करावे, एवढीच आमची विनंती.