गिजुभाई बधेका : कथाश्रवणापासून वाचनापर्यंत

गिजुभाई बधेका हे नाव महाराष्ट्रातील शिक्षकाला प्रथम भेटते ते बहुधा अध्यापक विद्यालयात, आणि तेही 'दिवास्वप्न' या एका लहानशा पुस्तकाच्या निमित्ताने. चौथीच्या वर्गाला वर्षभर गोष्टी, खेळ, नाट्य आणि पुस्तके यांच्या आधारे शिकविणारा लक्ष्मीराम हा शिक्षक वाचकाच्या मनात इतका ठसतो की, लक्ष्मीराम म्हणजेच गिजुभाई असे समीकरण सहज रूढ होते. अनेक व्याख्यानांतून आणि काही पाठ्यपुस्तकांतूनही हा प्रयोग गिजुभाईंनी प्रत्यक्ष केलेला प्रयोग म्हणून सांगितला जातो. वास्तविक 'दिवास्वप्न' ही कल्पितकथा आहे. ग्रंथाचे नावच ते सांगते. सरकारी प्राथमिक शाळेत चौथीचा वर्ग गिजुभाईंनी वर्षभर चालविला नव्हता. त्यांचे प्रत्यक्ष कार्यक्षेत्र भावनगरचे बालमंदिर, म्हणजे शालापूर्व आणि प्रारंभिक वयाची मुले, हे होते. हा भेद क्षुल्लक नाही. अनुभवाचे निवेदन म्हणून वाचल्यास 'दिवास्वप्न' एका असामान्य शिक्षकाची यशोगाथा ठरते, आणि असामान्यांचे अनुकरण करण्याची जबाबदारी सामान्य शिक्षकावर राहत नाही. कल्पितकथा म्हणून वाचल्यास मात्र तो प्राथमिक शाळेविषयी मांडलेला एक युक्तिवाद ठरतो, आणि युक्तिवादाला उत्तर द्यावे लागते. त्या युक्तिवादाची मुळे लेखकाच्या आयुष्यात कोठे आहेत, हे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

गिरिजाशंकर भगवानजी बधेका यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८८५ रोजी सौराष्ट्रातील चित्तळ या गावी झाला. बालपण वळा, म्हणजे प्राचीन वलभीपूर, येथे गेले. भावनगरच्या सामळदास महाविद्यालयात त्यांनी काही काळ शिक्षण घेतले, पण पदवीपर्यंत ते पोचले नाहीत. १९०७ मध्ये ते उपजीविकेसाठी पूर्व आफ्रिकेत गेले. तेथे एका इंग्रज सॉलिसिटरकडे काम करताना स्वतःची कामे स्वतः करण्याची जी शिस्त त्यांना पाहावयास मिळाली, तिचा ठसा पुढे बालमंदिरावर उमटला असे त्यांचे चरित्रकार मानतात. दोन वर्षांनी ते परतले, मुंबईत कायद्याचा अभ्यास केला आणि वढवाण येथे वकिलीस आरंभ केला. येथपर्यंतचा प्रवास त्या काळच्या कोणत्याही काठियावाडी मध्यमवर्गीय तरुणाचा वाटावा असाच आहे.

वळण आले ते १९१३ मध्ये, पुत्र नरेंद्र याच्या जन्माने. आपण ज्या शाळेत शिकलो तशा शाळेत या मुलास घालावयाचे काय, हा प्रश्न वकिलाला पडला. उत्तराच्या शोधात ते वसो येथे गेले. तेथे मोतीभाई अमीन यांच्यामुळे माँटेसरी पद्धतीचा परिचय घडला. ही भेट शिक्षणाच्या इतिहासात माँटेसरी पद्धतीच्या संदर्भातच नोंदविली जाते. परंतु मोतीभाई अमीन हे बडोदा संस्थानातील ग्रंथालय चळवळीचे एक आद्य कार्यकर्ते होते, ही गोष्ट लक्षात घेतली तर या भेटीला आणखी एक अर्थ प्राप्त होतो. बालशिक्षणाची दीक्षा गिजुभाईंना ग्रंथालयाच्या माणसाकडून मिळाली. पुढे लक्ष्मीरामाच्या वर्गात जी पुस्तकांची मांडणी उभी राहते, तिचा धागा येथवर नेता येईल असे मला वाटते. अर्थात हे अनुमान आहे.

भावनगरला नानाभाई भट्ट यांनी १९१० मध्ये दक्षिणामूर्ती विद्यार्थी भवन स्थापन केले होते. गिजुभाईंचे मामा हरगोविंद पंड्या यांचा या संस्थेशी निकटचा संबंध होता. १९१६ मध्ये गिजुभाईंनी वकिली सोडून या संस्थेत प्रवेश केला. आधी छात्रालय, मग माध्यमिक शाळा असा काही वर्षांचा अनुभव घेतल्यावर, मोठ्या मुलांच्या शिक्षणातील दोष आरंभीच्या वर्षांत रुजलेले असतात या निष्कर्षाप्रत ते आले, आणि १९२० मध्ये बालमंदिर सुरू झाले. भावनगरच्या टेकडीवरील त्याच्या वास्तूचे उद्घाटन १९२२ मध्ये कस्तुरबा गांधींच्या हस्ते झाले. १९२५ मध्ये शिक्षक घडविण्यासाठी अध्यापन मंदिर निघाले. लोकांनी त्यांना मिशीवाली आई या अर्थाचे 'मूछाळी मा' हे नाव दिले. नाव गोड आहे, पण त्याने एक घोटाळाही केला. वात्सल्यमूर्ती म्हणून गिजुभाईंची प्रतिमा एवढी मोठी झाली की त्यांच्यातील विचक्षण अभ्यासक तिच्याआड गेला.

हा अभ्यासक ज्या ग्रंथात स्पष्ट दिसतो तो म्हणजे 'वार्तानुं शास्त्र'. गुजरातीत वार्ता म्हणजे गोष्ट. तेव्हा मराठीत याला कथाकथनाचे शास्त्र म्हणावे लागेल. गोष्ट कोणत्या हेतूने सांगावी, कोणत्या वयाला कोणती निवडावी, ती कशी सांगावी, लोककथेचे स्थान काय, नीतिशिक्षणाशी तिचा संबंध कोणता, असे प्रश्न तेथे पद्धतशीरपणे हाताळले आहेत. त्यातील मुख्य भूमिका अशी की, गोष्टीचे पहिले प्रयोजन आनंद हे आहे. भाषा, स्मरण, कल्पना आणि शिस्त हे लाभ त्यामागून येतात, आणि तात्पर्य ओढूनताणून काढू गेल्यास आनंदही जातो व लाभही. इसापनीतीच्या तात्पर्यावर पोसलेल्या त्या पिढीत ही भूमिका घेणे सोपे नव्हते.

येथे एक विसंगती ध्यानात घ्यावयास हवी. गिजुभाई स्वतःस माँटेसरीचे अनुयायी मानत. १९२५ मध्ये भावनगरला आणि १९२८ मध्ये अहमदाबादला माँटेसरी संमेलने भरली, त्यांमागे त्यांचाच पुढाकार होता. परंतु लहान वयात अद्भुत कथांचा उपयोग करण्याविषयी खुद्द माँटेसरीबाई साशंक होत्या. मुलाची पकड आधी वास्तवावर बसावी असे त्यांचे मत होते. गिजुभाईंनी खरखरीत कागदाची अक्षरे, इंद्रियशिक्षणाची साधने, स्वयंशिस्त हे सारे स्वीकारले, आणि त्याच्या शेजारीच काठियावाडच्या आजीबाईंच्या गोष्टी आणून बसविल्या. सात शेपट्यांचा उंदीर, कोणत्याही शिक्षेत आनंदी राहणारा कावळा, बागेलाच विचारून आणि बागेच्या वतीने आपणच उत्तर देऊन वांगी तोडणारा दला तरवाडी, या कथा त्यांच्या लेखणीतून गुजराती घराघरांत पुन्हा पोचल्या. अनुयायाने गुरूशी केलेला हा मतभेद त्यांनी फारसा गाजविला नाही. तो त्यांच्या पुस्तकांतच आहे.

या कथांची घडण पाहिली तर त्या वाचनाच्या वर्गात का उपयोगी पडतात हे कळते. सात शेपट्यांच्या उंदराला मुले चिडवतात, तो घरी येतो, एक शेपूट कापली जाते. दुसऱ्या दिवशी सहा शेपट्या, तोच प्रसंग, तेच बोल, फक्त आकडा एकाने कमी. आपल्याकडील काऊ-चिऊची गोष्ट जिने ऐकली आहे त्या मुलीला हे तंत्र परके नाही. तिसऱ्या आवर्तनापर्यंत ऐकणारे मूल सांगणाऱ्याच्या आधी वाक्य पुरे करते. हीच गोष्ट पुढे छापील रूपात समोर आली की, कोणते शब्द येणार हे त्याला ठाऊकच असते. डोळा अक्षरांकडे जातो तो अर्थ शोधण्यास नव्हे, ओळखीचा अर्थ पडताळून पाहण्यास. अक्षरावरून शब्द, शब्दावरून वाक्य ही वाट उलटी होते.

'दिवास्वप्ना'त हीच वाट क्रमाने उभी केली आहे. पहिल्या दिवशी लक्ष्मीराम शांततेचा खेळ घेऊ पाहतो आणि पार फसतो. मुले गोंगाट करतात. माँटेसरीची एक प्रसिद्ध क्रिया पहिल्याच प्रकरणात अयशस्वी ठरविण्याचे धैर्य लेखकाने दाखविले आहे. मग गोष्ट येते. राजाराण्यांची लांबत जाणारी गोष्ट, जिच्यासाठी मुले सुटी झाल्यावरही घरी जाईनात. कथाश्रवणाची गोडी लागल्यावर शिक्षकाच्या हातात पुस्तक येते, तो वाचून दाखवू लागतो, आणि पुढे पुस्तक मुलांच्या हाती जाते. क्रमिक पुस्तकांसाठी मुलांनी आणावयाच्या पैशांतून गोष्टीची पुस्तके घेऊन वर्गाचे ग्रंथालय करावे, ही लक्ष्मीरामाची सूचना या कथेतील सर्वांत क्रांतिकारक घटना आहे. तीस मुलांनी एकाच पुस्तकाच्या तीस प्रती घेण्याऐवजी तीस वेगळी पुस्तके घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला तीस पुस्तके येतात, हा हिशेब कोणाही पालकाला पटावा. पण विरोध होतो. पालकांना पुस्तक आपल्या मुलाच्या दप्तरात हवे असते.

या हिशेबात एक मर्म दडलेले आहे, ज्याकडे समीक्षकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. आपल्या प्राथमिक शाळांत प्रकट वाचन पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. एक मूल उभे राहून धडा वाचते, इतर आपापल्या पुस्तकात बोट ठेवून बसतात. येथे वाचणाऱ्याला श्रोता नसतो, कारण जे वाचले जात आहे ते प्रत्येकापुढे उघडेच आहे. इतरांचे काम उरते ते चुका पकडण्याचे. पुस्तक एकच असेल आणि बाकीच्यांना गोष्ट ठाऊक नसेल, तर मात्र वाचणारा खरोखर काही सांगत असतो आणि ऐकणारा खरोखर काही मिळवीत असतो. उच्चार स्पष्ट हवा, विराम योग्य जागी हवा, हे मग शिक्षकाला सांगावे लागत नाही. श्रोतेच मागणी करतात. सहवाचन ही सोय नसून वाचनाची प्रकृती आहे, हे 'दिवास्वप्न' घटनेतून दाखविते, त्यावर भाष्य करीत बसत नाही. कथाकार गिजुभाई येथे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाईंच्या पुढे गेले आहेत.

या ग्रंथाच्या मर्यादाही आहेत. लक्ष्मीरामाचा वर्ग मुलग्यांचा आहे. मुलींची शाळा त्याच्या कक्षेत येत नाही. वरिष्ठ अधिकाऱ्याची सहानुभूती आरंभापासूनच त्याच्या बाजूला आहे, ही सवलत सामान्य शिक्षकाला क्वचितच मिळते.

गिजुभाईंच्या ग्रंथांची संख्या दोनशेच्या घरात सांगतात. हा आकडा वाचून दबून जाण्याचे कारण नाही. त्यांत मुलांसाठी काढलेल्या लहान पुस्तिकाच अधिक आहेत. पण महत्त्व तेथेच आहे. वर्गाला ग्रंथालय हवे म्हणणाऱ्याने त्या ग्रंथालयात ठेवावयाची पुस्तकेही लिहून, लिहवून, छापवून घेतली. या बालसाहित्यमालेच्या कामात त्यांच्या सहकारी होत्या ताराबाई मोडक. मुंबईत १८९२ मध्ये जन्मलेल्या ताराबाई राजकोटच्या बार्टन अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून भावनगरला आल्या होत्या. मराठी भाषक स्त्री गुजराती बालसाहित्याच्या उभारणीत एवढा वाटा उचलते, ही घटना आपल्या वाङ्मयेतिहासात अद्याप नीट नोंदली गेलेली नाही. १९२६ मध्ये दोघांच्या प्रयत्नांतून नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. त्याच्या 'शिक्षणपत्रिके'ची मराठी आवृत्ती १९३३ मध्ये ताराबाईंनी सुरू केली, आणि गिजुभाईंचे विचार मराठीत आले ते प्रथम या मासिकातून, ग्रंथानुवादांच्या कितीतरी आधी.

१९३६ हे वर्ष दोघांच्याही आयुष्यात स्थित्यंतराचे ठरले. वीस वर्षांच्या सेवेनंतर गिजुभाईंनी दक्षिणामूर्ती सोडली. त्याच वर्षी ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. गिजुभाईंना यापुढे फार काळ लाभला नाही. राजकोटला नवे अध्यापन मंदिर काढण्याच्या खटपटीत असतानाच प्रकृतीने साथ सोडली, आणि २३ जून १९३९ रोजी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. भावनगरच्या बालमंदिरात येणारी मुले बव्हंशी पांढरपेशा घरांतील होती, ही उणीव ताराबाईंना जाणवत होती. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर. तेथे वारली मुलांसाठी अंगणात भरणाऱ्या शाळेत महागडी साधने नव्हती; शंखशिंपले, बिया, पाने होती, आणि गोष्टी होत्या.