चित्रकार वासुदेव गायतोंडे

नागपूर-मुंबई आगगाडी आमच्या नांदुऱ्यावरूनच जाते. तथापि नागपुरास जन्मलेल्या या थोर चित्रकाराचे नाव येथील फार थोड्या घरांत ठाऊक असेल. म्हणून हा अल्प परिचय ज्ञातिबांधवांस सादर करीत आहोत.

वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली झाला. घराणे मूळचे गोमंतकीय. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची पदविका त्यांनी १९४८ साली मिळविली. त्यांच्या आरंभीच्या चित्रांवर आपल्याकडील जुन्या लघुचित्रांची, पुढे पॉल क्ले या युरोपीय चित्रकाराच्या रेषेची छाप होती. मुलाने हुबेहूब नक्कल काढली की आम्ही शिक्षक पैकीच्या पैकी गुण देऊन मोकळे होतो! गायतोंडे तेथे थांबले नाहीत. माणसे, पक्षी, वस्तू असे एकेक आकार त्यांनी टाकून दिले, आणि १९६० च्या सुमारास पटावर केवळ रंग व प्रकाश उरला. रुळाने व सुरीने रंगाचे थर चढवावयाचे, पुन्हा खरवडावयाचे, अशी त्यांची रीत. झेन पंथाच्या विचाराचा त्यांस ओढा होता. चिंतनातच पुष्कळ काळ जाई. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रे पुरी होत. कोणी अधिक मागितली तरी त्यांनी घाई केली नाही, हे आम्हांस विशेष वाटते.

१९७१ साली ते पद्मश्री झाले. पुढे दिल्लीस एकांतात राहिले व २००१ साली तेथेच निवर्तले. २०१३ मध्ये त्यांचे एक चित्र मुंबईच्या लिलावात २३ कोटी ७० लाख रुपयांस गेले.