आकाश मोजणारे मास्तर : शंकर बाळकृष्ण दीक्षित

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, दिशांचा पाठ शिकवताना या मास्तरांची ओळख मुलांना जरूर करून द्या.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म 1853 मध्ये दापोली तालुक्यातील मुरूड येथे झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून ते शिक्षक झाले, म्हणजे आपल्यासारखेच! शाळेची नोकरी सांभाळून त्यांनी ज्योतिषाचे जुने ग्रंथ अभ्यासले.

कृत्तिका पूर्व दिशा सोडत नाहीत, असा उल्लेख शतपथ ब्राह्मणात आहे. दीक्षितांनी तो नुसता वाचून सोडला नाही. नेमकी पूर्वेला उगवणारी तारका खगोलीय विषुववृत्तावर असते. पण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, सुमारे 26,000 वर्षांत एक फेरी. त्यामुळे ताऱ्यांच्या उगवायच्या जागा सरकतात. उलटं गणित मांडून त्यांनी हे निरीक्षण इसवी सनापूर्वी 3000 च्या सुमाराचं ठरवलं. या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण ताऱ्याच्या जागेवरून काळ काढायची रीत मुलांनाही समजते.

1896 मध्ये त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत प्रसिद्ध झाला. 1898 मध्ये, पंचेचाळिशीही न गाठता, ते गेले.

आज नागपुरातून कृत्तिका पूर्वेच्या सुमारे 26 अंश उत्तरेला उगवतात. ऑक्टोबरअखेर अंधार पडल्यावर मुलांना गच्चीवर न्या. होकायंत्राने पूर्व शोधा. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण 10 अंश. पूर्वेपासून डावीकडे अडीच मुठी मोजा आणि क्षितिजावर तो छोटा झुबका मुलांनाच शोधू द्या.