नागीन डान्समधली बीन खरी बीन नव्हतीच! गिरगावच्या कल्याणजींची गोष्ट



लग्नाची वरात असो नाहीतर विसर्जनाची मिरवणूक, एक क्षण ठरलेला असतो. बेंजोवाला ती धून सुरू करतो, एक जण रुमालाचं टोक तोंडात धरून बीन वाजवायला लागतो आणि दुसरा थेट रस्त्यावर लोळण घेतो. नागीन डान्स! मी लालबागचा, त्यामुळे हे इतक्या वेळा पाहिलंय की ही धून नक्की कुठून आली हा प्रश्नच कधी पडला नाही. तो पडला आठ महिन्यांपूर्वी, गिटार घेतल्यावर.

झालं असं, की मला स्पाय आणि सर्फ स्टाइलचं गिटार शिकायचं होतं. म्हणजे शब्द नाहीत, गायक नाही, नुसती धून. स्पाय म्हणजे १९६२ च्या 'डॉ. नो' या पहिल्या जेम्स बाँड सिनेमातली ती प्रसिद्ध गिटार. सर्फ म्हणजे त्याच सुमारास कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर गाजलेलं, पाण्यात भिजल्यासारखं घुमणारं, प्रचंड वेगाचं वादन. 'पल्प फिक्शन'च्या सुरुवातीला वाजतं ना, तेच. मी हप्त्यावर गिटार घेतली, फोनमध्ये चार अ‍ॅप टाकली, कुठला पेडल घ्यावा याचे रात्र रात्र व्हिडिओ पाहिले. वाजवायला मात्र काही येईना.

माझा काका गेली पंचवीस वर्षं बेंजो पार्टीत वाजवतो. माझी धडपड बघून त्याने एक दिवस सहज विचारलं, की 'नागिन'ची बीन कुठल्या वाद्यावर वाजलीय ते माहितीय का? मी म्हटलं, बीनवर, अजून कशावर! तो नुसता हसला. मग मी शोधायला बसलो आणि सापडली कल्याणजींची गोष्ट.

किराणा दुकानाची उधारी

कल्याणजी वीरजी शाह यांचा जन्म ३० जून १९२८ चा, कच्छमधल्या कुंदरोडी गावातला. वडील वीरजीभाई मुंबईत आले आणि त्यांनी किराणा दुकान टाकलं. मुलं वाढली गिरगावात, मराठी आणि गुजराती शेजारात. तेव्हाच्या गिरगावात गाण्याला तोटा नव्हता. नाटकमंडळी, गवई, भजनी मंडळं, गणपतीतले मेळे, सगळं हाकेच्या अंतरावर.

त्यांच्या पहिल्या गुरूची गोष्ट तर भारीच आहे. असं सांगतात, की दुकानाच्या एका गिऱ्हाइकाची उधारी थकली होती. पैसे देणं जमेना, म्हणून त्याने बदल्यात मुलांना संगीत शिकवायचं कबूल केलं. गंमत म्हणजे त्याला स्वतःलाच संगीत फारसं येत नव्हतं! पण मुलांना गोडी लागली ती लागलीच. कल्याणजी, त्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान आनंदजी, आणि पुढे धाकटा बाबलासुद्धा, ज्याच्या ऑर्केस्ट्राने नंतर डिस्को दांडिया गाजवला. किराणावाल्याच्या घरातून तीन संगीतकार निघाले.

फ्रान्सची पेटी, गिरगावचे कान

आता येतो टेक्नॉलॉजीचा भाग. १९४७ मध्ये कॉन्स्टंट मार्टिन नावाच्या फ्रेंच इंजिनीअरने एक वाद्य बनवलं. नाव क्लॅव्हिओलिन. तीन सप्तकांचा छोटा कीबोर्ड, आवाज बदलायला ओळीने बटणं, आणि सोबत वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर. आत ट्रान्झिस्टर नाहीत, चिप तर नाहीच, काचेचे व्हॉल्व्ह. एका वेळी एकच सूर वाजणार. आजच्या भाषेत सांगायचं तर हा सिंथेसायझरचा आजोबा.

तिकडे हे वाद्य बहुतेक पियानोवाल्यांच्या कामाचं समजलं जायचं. पियानोवर साथ चालू ठेवायची आणि क्लॅव्हिओलिनवर व्हायोलिन किंवा ट्रम्पेटसारखी एक ओळ वाजवायची. बॉक्सवर जो उपयोग लिहिलेला असतो, तोच करायचा.

कल्याणजींनी ते वेगळ्या कानांनी ऐकलं. १९५४ मध्ये 'नागिन' सिनेमा आला. संगीत हेमंतकुमारांचं. 'मन डोले मेरा तन डोले' या गाण्यातली बीन कल्याणजींनी क्लॅव्हिओलिनवर वाजवली, आणि हेमंतकुमारांचे सहायक रवी यांनी हार्मोनियमची जोड दिली. हे रवी म्हणजे पुढे स्वतः मोठे संगीतकार झालेले रवी. अख्ख्या देशाला ती गारुड्याची बीन वाटली. हेमंतकुमारांना त्या सिनेमासाठी फिल्मफेअर मिळालं. कल्याणजी तेव्हा सव्वीस वर्षांचे होते, म्हणजे माझ्यापेक्षाही लहान!

पण बीनसारखा आवाज आला कसा?

इथे थोडं विज्ञान. घाबरू नका, सोपं आहे.

कुठलाही सूर म्हणजे एकच कंपन नसतं. मूळ कंपनासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाची बारीक कंपनंही असतात. कुठली जास्त आणि कुठली कमी, यावरून आवाजाचा रंग ठरतो. गारुड्याच्या बीनमध्ये भोपळ्याखाली दोन सरळ नळ्या असतात आणि त्यात पाती थरथरते. अशा एका टोकाला पाती असलेल्या सरळ नळीत विषम कंपनं जोरात येतात, म्हणजे तिप्पट, पाचपट, सातपट. क्लॅरिनेटचंही तसंच.

क्लॅव्हिओलिनचे व्हॉल्व्ह जी विद्युत लहर तयार करायचे, ती जवळजवळ चौकोनी होती. गुळगुळीत चढउतार नाही. झटकन वर, झटकन खाली. आणि पूर्ण चौकोनी लहरीत काय असतं माहितीय? फक्त विषम कंपनं! म्हणजे फ्रेंच पेटी आणि आपली बीन, दोघींचा रंग आतून एकाच जातीचा. वर त्या अ‍ॅम्प्लिफायरची मुद्दाम ठेवलेली खरखर होतीच.

पण रंग जुळला म्हणजे बीन झाली असं नाही. बीन कुठे डुलते, कुठे लांब श्वास घेतल्यासारखी एका सुरावर थांबते, कुठे पटकन खालीवर होते, हे बोटांना माहीत असावं लागतं. ते कुठल्याच बटणात नव्हतं. ते कल्याणजींचं होतं.

आठ वर्षांनी लंडनमध्ये

हाच आवाज १९६२ मध्ये जगभर पोहोचला, पण वेगळ्या वाटेने. जुलै १९६२ मध्ये टेलस्टार हा दळणवळण उपग्रह अवकाशात गेला. त्यावरून सुचलेली 'टेलस्टार' ही धून जो मीक यांनी लंडनमध्ये, एका चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावरच्या आपल्या घरगुती स्टुडिओत रेकॉर्ड केली. वाजवणारा बँड टोर्नेडोज. गिटारही आहे, पण मुख्य सूर क्लॅव्हिओलिनचा. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेला तो पहिला ब्रिटिश बँड, बीटल्सच्याही आधी. सर्फ आणि स्पाय गिटारच्या चाहत्यांच्या यादीत ही धून हमखास असते.

लंडनला त्या पेटीत उपग्रह ऐकू आला. गिरगावच्या पोराला त्याच पेटीत आठ वर्षं आधी नाग ऐकू आला होता.

वादकापासून संगीतकारापर्यंत

कल्याणजींनी 'कल्याणजी वीरजी अँड पार्टी' नावाचा ऑर्केस्ट्रा काढला आणि मुंबईत, मुंबईबाहेर स्टेज शो केले. पन्नासच्या दशकाच्या शेवटी 'सम्राट चंद्रगुप्त' हा सिनेमा संगीतकार म्हणून मिळाला. १९५९ च्या 'सट्टा बाजार' आणि 'मदारी'पासून आनंदजी बरोबर आले आणि जोडीचं नाव झालं कल्याणजी-आनंदजी. १९६० चा 'छलिया', १९६५ चा 'जब जब फूल खिले', १९६७ चा 'उपकार'. 'सरस्वतीचंद्र'साठी राष्ट्रीय पुरस्कार, 'कोरा कागज'साठी फिल्मफेअर. सुरुवातीच्या काळात त्यांच्याकडे सहायक म्हणून दोन तरुण होते, लक्ष्मीकांत आणि प्यारेलाल. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे.

सत्तरच्या दशकात हिंदी सिनेमात स्मगलर, गुप्तहेर, पाठलाग आणि कॅबरे आले, आणि आपल्या विषयाचा माल इथेच आहे. 'जॉनी मेरा नाम', 'अपराध', 'जंजीर', 'धर्मात्मा' आणि १९७८ चा 'डॉन'. खाली पळणारा बेस, वर ब्रासचे फटके, मध्ये इलेक्ट्रिक गिटार. बाँडपटांचा मसाला, पण फोडणी मुंबईची.

१९९२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उतारवयात ते लहान मुलांना गाणं शिकवत होते. साधना सरगम आणि सुनिधी चौहान त्यांच्याच तालमीतल्या. मुलगा विजू शाह सिंथेसायझरवाला संगीतकार झाला. त्याचा 'मोहरा' ऐकला असेलच. म्हणजे क्लॅव्हिओलिनचा नातू घरातच वाढला म्हणा ना.

१९९९ मध्ये अमेरिकेत 'बॉम्बे द हार्ड वे' नावाचा अल्बम निघाला. डॅन द ऑटोमेटरने कल्याणजी-आनंदजींच्या सत्तरच्या दशकातल्या सिनेमासंगीतावर नवे बीट चढवले होते. २४ ऑगस्ट २००० ला कल्याणजी मुंबईत गेले. पाच वर्षांनी ब्लॅक आइड पीजने 'डॉन'मधलं 'ये मेरा दिल' आणि 'अपराध'मधलं 'ऐ नौजवाँ' वापरून एक गाणं केलं. त्याला ग्रॅमी मिळालं. ते बघायला कल्याणजी नव्हते.

तर सुरुवात कुठून करायची?

या गोष्टीतून मी शिकलो ते असं, की आधी कान, मग वस्तू. पेडल नंतर घ्या. तीन गोष्टी आजच करून बघा.

एक, फोनवर कुठलंही फुकट सिंथेसायझर अ‍ॅप घ्या. लहर चौकोनी निवडा, एका वेळी एकच सूर वाजेल असं सेटिंग करा, थोडा कंप द्या. झाली तुमची क्लॅव्हिओलिन. आता 'नागिन'ची धून वाजवा. सूर बरोबर येतील, पण नाग डुलणार नाही. का डुलत नाही ते मूळ रेकॉर्ड ऐकून शोधा. खरा धडा तोच.

दोन, स्पाय. गिटारची सर्वात जाड तार मोकळी वाजवा, तो सा समजा. मग पातळ बाजूने दुसरी तार: मोकळी, पहिला पडदा, दुसरा, परत पहिला. म्हणजे पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत आणि परत कोमल. हळू आणि सारख्या लयीत. बाँडची सगळी भीती या तीन सुरांच्या सरकण्यात आहे.

तीन, सर्फ. 'पल्प फिक्शन'मधली ती धून म्हणजे 'मिसिरलू'. मूळ पूर्व भूमध्य समुद्राकडची. डिक डेलने १९६२ मध्ये ती गिटारवर आणली. त्याच्या वडिलांचं घराणं लेबनॉनचं. आणि तिचे सूर? आपल्या भैरवाचे! जाड तारेवर मोकळी, १, ४, ५, ७, ८, ११, १२ हे पडदे दाबत जा. सा, कोमल रे, ग, म, प, कोमल ध, नि, सा. प्रत्येक सुरावर पिक खालीवर, खालीवर, न थांबता.

या तिसऱ्या गोष्टीत मी अडकलो होतो. मनगट दोन मिनिटांत दगड व्हायचं. शेवटी काकाकडे गेलो. बेंजो म्हणजे तरी काय? बुलबुल तरंगच, इलेक्ट्रिक केलेला. त्याचं मूळ जपानच्या नागोया शहरात १९१२ मध्ये बनलेलं, टाइपरायटरसारख्या बटणांचं ताइशोगोतो. तेही बाहेरून आलं आणि लालबाग-परळचं होऊन गेलं. काका डाव्या हाताने बटणं दाबतो आणि उजव्या हाताने तारा अशा झोडतो, की दोन तासांच्या मिरवणुकीत हात थांबत नाही. डिक डेलचा हात मी व्हिडिओत शोधत होतो. तो माझ्या घरात होता.

हल्ली काकाच्या पार्टीला सुपाऱ्या कमी येतात. मोठे साउंड सिस्टिमवाले आले. बेंजो विकून टाकावा असं तो बोलत होता. त्याच्या वाजवण्याची कुठे नोंद नाही, कुठल्या रेकॉर्डवर नाव नाही. म्हणून गेल्या रविवारी मी फोन स्टँडला लावला आणि चाळीच्या गॅलरीत त्याचं वाजवणं नीट रेकॉर्ड केलं. फाइलला त्याचं पूर्ण नाव दिलं. मग आम्ही दोघांनी मिळून ती बीन वाजवली, तो बेंजोवर, मी गिटारवर. माझी बरीच चुकली. खालच्या मजल्यावरची दोन पोरं मात्र रुमाल घेऊन आलीच.

बेंजो अजून विकलेला नाही.