जेम्स क्लार्क मॅक्सवेल: मोबाईलच्या रेंजमागचा मिश्कील माणूस

सायन्सवाल्या पोरापोरींच्या ग्रुपवर कसले जोक चालतात ते तुम्हाला माहीत असेलच. कुणाचं एकतर्फी प्रेम असेल तर तो डायोड, घरचे आडवे आले तर रेझिस्टन्स, आणि ज्याला कुणीच आवडत नाही तो इन्सुलेटर. हे सगळं व्हॉट्सअॅप आल्यावर सुरू झालं असं वाटतं ना? पण दीडशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधला एक शास्त्रज्ञ हेच करत होता, फक्त पोस्टकार्डावर. आणि तुमच्या मोबाईलला आज जी रेंज मिळते, तिच्यामागचं गणितही त्यानंच मांडलं. त्याचं नाव जेम्स क्लार्क मॅक्सवेल. चला, आज त्याची गोष्ट पाहूया.

वर्गातला 'वेडपट'

जेम्सचा जन्म १३ जून १८३१ चा, एडिंबरा शहरातला. बालपण मात्र ग्लेनलेअर या गावाकडच्या घरी गेलं. तो ८ वर्षांचा असताना आई कॅन्सरनं गेली. पुढे शिकायला एडिंबराच्या शाळेत आला तेव्हा त्याचे घरी शिवलेले कपडे आणि गावाकडची बोली ऐकून मुलांनी त्याला डॅफ्टी, म्हणजे वेडपट, असं नाव पाडलं.

याच वेडपटानं १४ व्या वर्षी टाचण्या आणि दोरा वापरून अंडाकृती वक्र काढायची पद्धत शोधली. पण एवढ्या लहान मुलाला विद्वानांच्या सभेत उभं कोण करणार? म्हणून १८४६ मध्ये प्राध्यापक जेम्स फोर्ब्स यांनी त्याचा निबंध एडिंबराच्या रॉयल सोसायटीत वाचून दाखवला. शाळेत त्याला पीटर टेट नावाचा दोस्तही मिळाला. ही दोस्ती आयुष्यभर टिकली.

नोकरी गेली, हवी होती ती मित्राला मिळाली

केंब्रिजमधून शिकून मॅक्सवेल १८५६ मध्ये अॅबरडीनच्या मारिशल कॉलेजात प्राध्यापक झाला. तिथल्या प्राचार्यांची मुलगी कॅथरीन ड्यूअर त्याच्या मनात भरली. ती त्याच्याहून ७ वर्षांनी मोठी होती. २ जून १८५८ ला दोघांचं लग्न झालं. लग्नाआधी त्यानं तिच्यासाठी कविताही केली, आणि तीत चक्क एकही समीकरण नव्हतं!

१८६० साली अॅबरडीनमधली दोन कॉलेजं एकत्र केली गेली. एका विषयाला दोन प्राध्यापक नकोत म्हणून मॅक्सवेलची नोकरी गेली. म्हणजे सासरे प्राचार्य असूनही जावई घरी! त्याच सुमारास एडिंबरा विद्यापीठात फोर्ब्स यांची जागा रिकामी झाली. मॅक्सवेलनं अर्ज केला, टेटनंही केला, आणि निवड झाली टेटची. अशा वेळी किती मैत्र्या तुटतात ते आपण बघतोच. यांची मात्र तुटली नाही. मॅक्सवेल लंडनच्या किंग्ज कॉलेजात गेला आणि दोघांची पत्रं चालूच राहिली.

सहीच्या जागी समीकरण

१८७० मध्ये ब्रिटनमध्ये अर्ध्या पेनीचं पोस्टकार्ड निघालं. स्वस्त, छोटं आणि पटकन पोचणारं. म्हणजे त्या काळचं मेसेजिंग अॅपच म्हणा ना! मॅक्सवेल, टेट आणि विल्यम थॉमसन (म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन) हा तिघांचा ग्रुप. थॉमसनचं टोपणनाव नुसतं 'टी' आणि टेटचं 'टी डॅश'.

मॅक्सवेलची सही तर भारीच. टेटनं १८६८ मध्ये उष्णतागतिकीवर एक पुस्तक काढलं होतं. त्यात एका समीकरणाच्या डाव्या बाजूला होतं 'डीपी बाय डीटी', म्हणजे तापमानाबरोबर दाब किती बदलतो ते. उजव्या बाजूला होतं 'जे सी एम'. आता जेम्स क्लार्क मॅक्सवेलची आद्याक्षरंही जे सी एमच! मग काय, हा पठ्ठ्या सही करू लागला 'डीपी बाय डीटी' अशी. आपला डीपी बदलतो, त्याचा डीपीच नाव झाला.

प्रेमाचं एकक व्होल्ट

कवितेतही तो गप्प बसत नसे. एका कवितेत तार ऑफिसातला मुलगा दुसऱ्या तार ऑफिसातल्या मुलीला व्हॅलेंटाइन पाठवतो. मध्ये कित्येक मैलांचं अंतर, जोडणारी फक्त तार. तो त्या काळच्या बॅटऱ्यांची नावं घेत तिच्या मनात काय आहे ते विचारतो. ती होकार देते तो व्होल्ट आणि फॅरडमध्ये. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब मोजायचं एकक, आणि फॅरड म्हणजे किती चार्ज साठवता येतो ते सांगणारं. आता कळलं का तिला काय म्हणायचं होतं?

रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीचं राईच्या शेतातल्या भेटीचं एक लोकप्रिय प्रेमगीत आहे. मॅक्सवेलनं त्याचंही विडंबन केलं. त्यात भेट होते ती दोन टणक वस्तूंची, आणि चिंता एकच, की टक्कर झाल्यावर त्या कुठे जातील!

चेष्टेतून निघालेला राक्षस

१८६७ मध्ये टेटला लिहिलेल्या पत्रात त्यानं एक कल्पना मांडली. वायूनं भरलेल्या पेटीत मध्ये भिंत आणि भिंतीला चिमुकलं दार. दाराशी बसलेला एक इवलासा जीव वेगवान रेणू एका बाजूला सोडतो, मंद रेणू दुसऱ्या बाजूला. मग काहीच काम न करता एक बाजू तापेल आणि दुसरी थंड होईल. पण उष्णतागतिकीचा दुसरा नियम तर म्हणतो की असं होऊच शकत नाही!

त्या जीवाला 'डीमन' म्हणजे राक्षस हे नाव पुढे थॉमसननं दिलं. या कोड्यावर शास्त्रज्ञ शंभर वर्षं डोकं खाजवत होते. १९६१ मध्ये आयबीएमच्या रॉल्फ लँडावर यांनी दाखवलं की माहिती पुसायलाही ऊर्जा मोजावी लागते. राक्षसाची फुकटेगिरी पकडायला हाच धागा कामी आला.

निरीक्षक 'के'

मॅक्सवेलनं दाखवलं की लाल, हिरवा आणि निळा प्रकाश कमीजास्त मिसळून डोळ्याला हवा तो रंग भासवता येतो. तुमच्या मोबाईलची स्क्रीन याच तत्त्वावर चालते. १७ मे १८६१ ला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यानं चौकड्याच्या रिबिनीचे तीन फोटो तीन रंगांच्या प्रकाशात एकावर एक टाकून पडद्यावर रंगीत चित्र उभं केलं.

रंगांची मोजमापं घ्यायला घरात एक लांबलचक काळी पेटी होती. हा माणूस शवपेटीत तासन्‌तास डोळे घालून बसतो, असं शेजाऱ्यांना वाटायचं. पण पेटीत बघणारा तो एकटा नव्हता. त्याच्या शोधनिबंधात दोन निरीक्षक आहेत, 'जे' आणि 'के'. के म्हणजे कॅथरीन. पुढे हवेचा चिकटपणा मोजायचे प्रयोग घराच्या माळ्यावर झाले. तेव्हा खोलीचं तापमान राखायला शेगडी आणि किटल्या तिनंच सांभाळल्या. हवा विरळ केली तरी तिचा चिकटपणा जवळजवळ तेवढाच राहतो, हे मॅक्सवेलचं चमत्कारिक भाकीत त्या प्रयोगांतून खरं ठरलं.

निबंधात कॅथरीनच्या वाट्याला एक अक्षर आलं. पण टेटला लिहिताना मॅक्सवेलनं नेहमीच्या चेष्टेच्या सुरात सांगून टाकलं की वायूंच्या सिद्धांताचं खरं काम बायकोनंच केलंय. चेष्टा खरी, पण आज तिच्या कामाची साक्ष म्हणून तेच पत्र हाती येतं.

आणि तुमची रेंज?

१८६५ मध्ये छापलेल्या निबंधात त्यानं मांडलं की बदलतं विद्युतक्षेत्र चुंबकीय क्षेत्र निर्माण करतं, बदलतं चुंबकीय क्षेत्र विद्युतक्षेत्र, आणि ही जोडी लाट होऊन पुढे सरकते. वेग काढला तर आला सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, म्हणजे प्रकाशाचाच! प्रकाश हीसुद्धा अशीच लाट आहे हे तिथे उघड झालं. हेन्रिक हर्ट्झनं १८८८ पर्यंत अशा लाटा प्रयोगशाळेत तयार करून दाखवल्या. वाय-फाय, ब्लूटूथ, ५जी ही सगळी त्याच लाटांची करामत.

मॅक्सवेलला मात्र हे बघायला मिळालं नाही. १८७१ पासून तो केंब्रिजला कॅव्हेंडिश प्रयोगशाळा उभी करत होता. १८६० मध्ये त्याला देवी झाल्या तेव्हा कॅथरीननं रात्रंदिवस शुश्रूषा केली होती. आता ती आजारी पडली आणि तो तिच्या उशाशी बसू लागला. मग त्यालाच पोटाचा कॅन्सर झाला. ५ नोव्हेंबर १८७९ ला, ४८ व्या वर्षी तो गेला. आईही त्याच आजारानं, जवळपास त्याच वयात गेली होती.

तेव्हा ग्रुपवर पुढचा फिजिक्सचा जोक आला की नुसता स्माईली टाकून सोडू नका, त्यातलं फिजिक्सही एकदा तपासा. आणि स्क्रीनच्या आर, जी, बी या तीन अक्षरांसोबत 'के' हे चौथं अक्षरही लक्षात ठेवा. लेख आवडला तर तुमच्या 'टी' आणि 'टी डॅश'ला नक्की पाठवा!