वाल्देमार हाफकिन

वाल्देमार मोर्डेकाई हाफकिन (१५ मार्च, १८६० – २६ ऑक्टोबर, १९३०) हे पटकी व प्लेग या रोगांवरील लसी तयार करणारे जीवाणुशास्त्रज्ञ होते. ओदेसा येथे मेचनिकॉव्ह यांच्या हाताखाली शिकून ते पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले.

पटकी प्राण्यांना निसर्गतः जडत नाही, ही संशोधनातील मोठी अडचण होती. हाफकिन यांनी गिनीपिगच्या उदरपोकळीत जंतू सोडले आणि एका प्राण्यातून दुसऱ्यात नेत त्यांची तीव्रता वाढवली. त्यातून सिद्ध झालेली लस त्यांनी १८ जुलै १८९२ रोजी स्वतःला टोचून घेतली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरल्यावर सरकारने त्यांना पाचारण केले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील लहानशा जागेत त्यांनी तुपाचे थेंब तरंगणाऱ्या पोषक द्रवात जंतू वाढवले व उष्णतेने मारले. ही लस दिलेले ससे प्लेगपासून बचावले. मात्र सशाला लाभले ते माणसाला लाभेलच, असे नव्हते. म्हणून १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतः लस घेतली. पुढे प्रचारात आलेल्या मात्रेहून ही मात्रा बरीच मोठी होती. त्यानंतर भायखळा तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली.

१९०२ साली पंजाबातील मुलकोवाल येथे एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली उघडताना तेथेच झालेला हा संसर्ग प्रयोगशाळेतील कोणत्याही सशाने दाखवला नसता. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू मांडली व १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.