मेरी लॅम्ब : आजार आणि आधार

शेक्सपिअरच्या नाटकांच्या कथा मुलांना समजतील अशा गद्यात सांगणारे ‘टेल्स फ्रॉम शेक्सपिअर’ हे पुस्तक १८०७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात इंग्रजी शिकलेल्या कित्येक पिढ्यांची शेक्सपिअरशी पहिली ओळख याच पुस्तकाने करून दिली. त्याच्या पहिल्या आवृत्तीवर लेखक म्हणून चार्ल्स लॅम्ब या एकट्याचेच नाव होते. वस्तुतः त्यातील वीस कथांपैकी चौदा त्याची थोरली बहीण मेरी हिने लिहिल्या होत्या; चार्ल्सच्या वाट्याला आल्या त्या सहा शोकांतिका. मेरीचे नाव पुस्तकावर यायला १८३८ साल उजाडले. या लेखिकेने पुस्तक प्रसिद्ध होण्यापूर्वी अकरा वर्षे, उन्मादाच्या झटक्यात, स्वतःच्या आईचा जीव घेतला होता. ही गोष्ट तिच्या हयातीत जवळच्या स्नेह्यांच्या वर्तुळाबाहेर फारशी गेली नाही. त्या घटनेनंतर मेरी पन्नास वर्षांहून अधिक काळ जगली. आजार तिला कधीच सोडून गेला नाही. तरीही तिने लिहिले, शिकवले, घर चालवले आणि मित्र जोडले. हे कसे शक्य झाले, हा प्रश्न केवळ वाङ्मयेतिहासाचा नाही. ज्या ज्या घरात असा आजार आहे, त्या प्रत्येक घराचा तो प्रश्न आहे.

मेरीचा जन्म ३ डिसेंबर १७६४ रोजी लंडनच्या ‘इनर टेंपल’ या वकिलांच्या वसाहतीत झाला. वडील जॉन लॅम्ब हे सॅम्युएल सॉल्ट नावाच्या वकिलाचे कारकून आणि सेवक होते. सात भावंडांपैकी तिघे जगली : जॉन, मेरी आणि तिच्याहून दहा वर्षांनी लहान असलेला चार्ल्स. सॉल्टच्या ग्रंथसंग्रहात मेरीला मुक्तद्वार होते आणि तिचे खरे शिक्षण तेथेच झाले. १७९२ साली सॉल्ट वारला आणि कुटुंबाचे हक्काचे छप्पर गेले. वडिलांची बुद्धी वार्धक्याने मंद होत चालली होती; आई अपंग होऊन अंथरुणाला खिळली होती; वृद्ध आत्याही घरातच होती. थोरला भाऊ जॉन चांगल्या नोकरीत असला तरी वेगळा राहत असे. घर चालत होते ते चार्ल्सच्या ईस्ट इंडिया कंपनीतील कारकुनीवर आणि मेरीच्या शिवणकामावर. मेरी दिवसभर गिऱ्हाइकांचे कपडे शिवी, हाताखालच्या शिकाऊ मुलीवर लक्ष ठेवी आणि रात्री आईच्या शेजारी निजून तिची शुश्रूषा करी. विश्रांती अशी तिला नव्हतीच. त्यातच १७९५-९६ च्या हिवाळ्यात चार्ल्सलाही मनोविकाराने गाठले आणि तो सहा आठवडे हॉक्स्टन येथील वेड्यांच्या आश्रयगृहात होता. मनाचा आजार या घराला अपरिचित नव्हता, असाच याचा अर्थ.

सप्टेंबर १७९६ मध्ये मेरीचे चित्त ठिकाणावर नाही याची चिन्हे दिसू लागली. २२ तारखेच्या सकाळी चार्ल्स डॉक्टर पिटकेर्न यांच्याकडे गेला. पण ते घरी भेटले नाहीत, असे त्या वेळच्या वृत्तपत्रातील हकिगत सांगते. त्याच दिवशी जेवणाची तयारी चालू असताना मेरी सुरी घेऊन शिकाऊ मुलीच्या अंगावर धावली. आई मध्ये पडली आणि तो घाव तिच्यावर बसला. वडीलही जखमी झाले. मेरीच्या हातातून सुरी काढून घेतली ती चार्ल्सने. दुसऱ्या दिवशी कॉरोनरपुढे चौकशी झाली आणि पंचांनी हे कृत्य वेडाच्या भरात घडल्याचा निर्वाळा दिला. वृत्तपत्रात बातमी आली, पण नाव छापले गेले नाही. मेरी एकतीस वर्षांची होती, चार्ल्स एकवीस.

एका कारकुनाचा निर्णय

मेरीला इस्लिंग्टन येथील एका खाजगी आश्रयगृहात ठेवण्यात आले. काही दिवसांतच ती शुद्धीवर आली आणि आपल्या हातून काय घडले याची तिला पूर्ण जाणीव झाली. तिला कायमची इस्पितळात ठेवावी, असे थोरल्या भावाचे मत होते. चार्ल्सने त्याला ठाम नकार दिला. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १७० ते १८० पौंडांचे. त्यातून ५० ते ६० पौंड मेरीसाठी बाजूला काढता येतील, असा हिशेब त्याने मित्र कोलरिजला लिहिलेल्या पत्रात मांडला. हिशेबनीस कारकुनाचे हे भावाच्या मायेतून केलेले अंदाजपत्रक होते. आजन्म सांभाळण्याची हमी त्याने दिली आणि त्या वेळच्या कायद्याने ती स्वीकारली. पुढे १८०० साली हॅडफील्ड नावाच्या वेडसर माणसाने राजा तिसऱ्या जॉर्जवर गोळी झाडली आणि नवा कायदा आला. त्यान्वये अशा आरोपींना सरकारी मर्जीनुसार अनिश्चित काळ अडकवून ठेवण्याची तरतूद झाली. मेरीच्या हातून ती घटना चार वर्षे उशिरा घडली असती, तर तिची वाट बहुधा तुरुंगाकडे किंवा बेडलॅमकडे गेली असती.

१७९७ च्या वसंतात मेरी आश्रयगृहातून हॅकनीतील खोल्यांत राहावयास गेली. वडिलांच्या घरी तिला आणणे शक्य नव्हते. १७९९ साली वडील वारले, त्यानंतरच ती चार्ल्सकडे आली. तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. तेथून भावाच्या मृत्यूपर्यंतची पस्तीस वर्षे दोघांनी एकत्र काढली. दोघेही अविवाहित राहिली.

तिच्या आजाराचे स्वरूप आज ज्याला बायपोलर अथवा द्विध्रुवी विकार म्हणतात त्याच्याशी जुळते, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या व्यक्तीचे निदान पत्रे आणि आठवणी यांवरून करताना सावधगिरी बाळगलीच पाहिजे. तथापि आवर्तनाचा क्रम स्पष्ट दिसतो. बहुतेक वर्षांत एकदा तरी झटका येई. उत्तेजित अवस्थेत तिच्या बोलण्याला खंड नसे. शंभर वर्षांपूर्वीच्या राणी ॲनच्या दरबारातील स्त्रियांमध्ये आपण वावरत आहोत अशा थाटात ती बोले. मागाहून खिन्नतेचे दिवस येत. मधल्या काळात मात्र तिच्याइतकी शांत, समंजस आणि विचारी स्त्री मित्रमंडळींत दुसरी नव्हती. उन्माद आणि विषाद ही एकाच विकाराची दोन रूपे आहेत, हे फ्रान्समधील फालरे याने मांडले ते १८५० नंतर. जर्मन तज्ज्ञ क्रेपेलिन याने या आजाराला निश्चित नाव दिले ते १८९९ मध्ये आणि लिथियमचा उपयोग ऑस्ट्रेलियातील जॉन केड याने दाखवला तो १९४९ साली. मेरीच्या वाट्याला यांतले काहीच आले नाही.

औषधाविना केलेली व्यवस्था

औषध नव्हते, म्हणून बहीणभावांनी व्यवस्था निर्माण केली. झोप उडणे, चिडचिड, बोलण्याचा वाढता वेग ही पूर्वचिन्हे दोघांनाही ओळखू येऊ लागली. ती दिसताच चार्ल्स कचेरीतून रजा घेई आणि मेरी शुद्धीत असतानाच दोघे पायी आश्रयगृहाकडे निघत. हातात हात घेऊन, रडत, शेतांतून हॉक्स्टनकडे जाताना एका मित्राने त्यांना पाहिल्याची हकिगत प्रसिद्ध आहे. प्रवासाला जाताना हात जखडून ठेवणारा जाड कापडाचा अंगरखा मेरी स्वतःच सामानात भरून घेई. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ती बरी होऊन घरी परते, आणि घर तिची वाट पाहत असे. या व्यवस्थेत आश्रयगृह हा उपचाराचा एक टप्पा होता. आयुष्याचा शेवट नव्हता.

समाजाने हे सहज होऊ दिले असे नाही. पेन्टनव्हिलमध्ये शेजाऱ्यांत कुजबुज सुरू झाली आणि १८०० साली त्यांना बिऱ्हाड हलवावे लागले. आपल्यावर जणू शिक्का बसला आहे, ही जाणीव चार्ल्सच्या त्या काळच्या पत्रांत आढळते. अखेर १८०१ मध्ये, जेथे बालपण गेले त्या टेंपलमध्येच ती दोघे परतली. बुधवारच्या रात्री त्यांच्याकडे मैफल जमू लागली. कोलरिज, वर्ड्‌स्वर्थ, हॅझलिट, गॉडविन यांसारखी माणसे त्या घरी येत, पत्ते खेळत, वाद घालत. मेरीचा भूतकाळ त्यांतील निकटवर्तीयांना ठाऊक होता. त्यांनी तो कधी चघळला नाही, आणि तिला दयेचा विषयही केले नाही. गॉडविन दांपत्याने तिला काम दिले, त्यातूनच शेक्सपिअरच्या कथा झाल्या. पुस्तक आले तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. पाठोपाठ ‘मिसेस लेस्टर्स स्कूल’ हा दहा कथांचा संग्रह आला. त्यातील सात तिच्या होत्या.

मेरी केवळ आधार घेणारी नव्हती. सेरा स्टॉडार्ट या मैत्रिणीची आई मनोविकाराने आजारी पडली तेव्हा मेरीने तिला लिहिलेले पत्र आजही प्रत्येक शुश्रूषा करणाऱ्याने वाचावे असे आहे. अशा अवस्थेतील माणसाला आपल्याशी कोण मायेने वागते आणि कोण नाही, हे विलक्षण तीव्रतेने जाणवते. पगारी परिचारिकांना, त्या स्वभावाने चांगल्या असल्या तरी, याची कल्पनाही नसते, असे तिने स्वानुभवाच्या आधारे सांगितले. १८१५ साली स्त्रियांच्या एका मासिकात तिने टोपणनावाने शिवणकामावर निबंध लिहिला. सुखवस्तू स्त्रिया विरंगुळा म्हणून शिवतात तेव्हा पोटासाठी शिवणाऱ्या स्त्रियांची रोजी हिरावली जाते आणि घरकामात गुंतलेल्या स्त्रीला स्वतःचा म्हणून वेळ उरत नाही, असे तिचे प्रतिपादन होते. ज्या श्रमांनी तिला कडेलोटापर्यंत नेले, त्यांचा हा पन्नाशीतील विचार होता. उत्तरायुष्यात तिने लॅटिन शिकवले. तिच्याकडे धडे घेतलेली मेरी कौडन क्लार्क पुढे शेक्सपिअरच्या शब्दसूचीची कर्ती म्हणून प्रसिद्ध झाली.

भावाने मोजलेली किंमत

या सहजीवनाचे गोडवे गाताना त्याची किंमत विसरता कामा नये. ज्या कंपनीने १८१८ साली पेशवाई बुडवली, तिच्या लंडनच्या कचेरीत चार्ल्सने तेहतीस वर्षे हिशेबाच्या वह्या लिहिल्या. लेखनाला उरत ती रात्र. मद्यपान त्याला सुटले नाही. १८१९ साली फॅनी केली या अभिनेत्रीला त्याने लग्नाची मागणी घातली. तिने ती नाकारली. मेरी आश्रयगृहात असे तेव्हा रिकामे घर त्याला सोसवत नसे. त्याचा तोल सांभाळणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे मेरी. आधार दोन्ही बाजूंचा होता, म्हणूनच तो टिकला.

वय वाढले तसे झटके लांबत गेले. १८२२ मध्ये फ्रान्सच्या प्रवासात मेरी आमियाँ येथे आजारी पडली आणि तिला तेथेच मागे ठेवावे लागले. १८३३ साली एडमन्टन येथे मनोरुग्णांना सांभाळणाऱ्या एका दांपत्याच्या घरात मेरीची सोय झाली, तेव्हा चार्ल्स स्वतःच त्या घरात राहावयास गेला. ताटातूट नको, एवढाच त्याचा हेतू. २७ डिसेंबर १८३४ रोजी तो वारला. विधवेला द्यावे तसे निवृत्तिवेतन कंपनीने मेरीला दिले. मित्रांनी आणि परिचारिकांनी तिला सांभाळले. २० मे १८४७ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी तिचे निधन झाले आणि भावाच्याच थडग्यात तिला विसावा मिळाला. पुढच्या वर्षी टॅलफर्डने चार्ल्सविषयीच्या आपल्या ग्रंथात १७९६ ची घटना उघड केली. तोवर स्नेह्यांनी मौन पाळले होते.

आज लिथियम आहे, अन्य औषधे आहेत. भारतात २९ मे २०१८ पासून मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ अमलात आहे. मनोरुग्णाला समाजात राहण्याचा हक्क, आपल्यावर उपचार कसे व्हावेत हे शुद्धीत असताना लिहून ठेवण्याचा अधिकार, आपला प्रतिनिधी नेमण्याची मुभा आणि साखळीने बांधण्यास मनाई या गोष्टी तो सांगतो. मेरी आणि चार्ल्स यांनी परस्पर विश्वासावर जे केले, त्याला या कायद्याने लेखी रूप दिले आहे. परंतु कागदावरचा हक्क घरात उतरतो तो पैसा, माणसे आणि शेजाऱ्यांची सहनशीलता यांच्याच बळावर. मेरीला हे सारे लाभले, कारण तिचा भाऊ चार्ल्स होता. ज्यांना असा भाऊ नाही, त्यांचे काय, याचे उत्तर समाजाने आणि शासनानेच दिले पाहिजे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मेरीला आधार मिळाला तो आई गेल्यानंतर. दिवसा शिवणकाम आणि रात्री शुश्रूषा यांत पिचून जाणाऱ्या एकतीस वर्षांच्या मुलीकडे त्यापूर्वी कोणी वेळेवर लक्ष दिले नव्हते. अशा मुली आणि सुना आपल्याही घरांत आहेत. त्यांना विसावा देणे, त्यांच्या न झोपलेल्या रात्रींची विचारपूस करणे, हा उपचाराचाच पहिला भाग होय.